घाटात इंजिन तापतं तेव्हा: थर्मोस्टॅट काढून टाकण्याआधी काय तपासावं

सह्यघाट

एप्रिल-मे आला की इथे एकच प्रश्न पुन्हापुन्हा येतो. गाडी सपाटीला ठीक, घाटात तापते. आणि उत्तरही बहुतेकदा एकच मिळतं: "थर्मोस्टॅट काढून टाका." थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापल्यावर पाण्याला रेडिएटरची वाट उघडून देणारी झडप. ती काढायचा सल्ला जवळपास नेहमीच चुकीचा असतो. म्हणून हा धागा. कार, टेम्पो, ट्रक सगळ्यांबद्दल इथे लिहू या. फक्त गाडी, लक्षणं आणि मोजलेले आकडे द्या, म्हणजे उत्तर नेमकं देता येईल.

सगळ्यात आधी बघायचं ते हे, की गाडी कधी तापते.

ट्रॅफिकमध्ये, सिग्नलला तापते आणि गाडी पळायला लागली की काटा खाली येतो: हवेचा प्रश्न. पंखा, पंख्याची मोटर, रिले, फ्यूज, ट्रकला फॅन क्लच.

सिग्नलला ठीक, पण चढणीला किंवा १०० च्या वेगाला तापते: पाण्याच्या प्रवाहाचा प्रश्न. जाळी (रेडिएटर) आतून चोक, थर्मोस्टॅट अर्धवट उघडणारा, पाण्याच्या पंपाचं पातं झिजलेलं, पट्टा घसरतोय, किंवा खालचा होज पाईप आत ओढला जाऊन चपटा होतोय.

थंड इंजिन चालू केल्यावर पाच-सात मिनिटांतच तापते: एकतर पाणीच नाही, किंवा थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकलाय, किंवा हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं सील) गेलीय.

एवढं नीट सांगता आलं की निम्मं निदान झालं. सुटे भाग बदलायला नंतर घ्यावेत.

---

निरा_काठ

चांगला धागा. माहिती देतो. २०१५ ची डिझेल हॅचबॅक, १ लाख ३८ हजार किमी. ट्रॅफिकमध्ये काही त्रास नाही. पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकीला एसी लावून चढलं की ओबीडी रीडरवर (गाडीच्या प्लगला लावून इंजिनाचे आकडे दाखवणारं यंत्र) १०८-११० अंश दिसतं, मग एसी आपोआप बंद होतो. घाट संपला की पाच मिनिटांत ९२ वर येतं. कूलंटचा (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा) रंग तपकिरी झालाय. गॅरेजचं म्हणणं, थर्मोस्टॅट काढू, "आपल्याकडे थंडी कुठे असते?" काढू का?

---

सह्यघाट

@निरा_काठ, नका काढू. कारण समजून घ्या.

थर्मोस्टॅटला बऱ्याच इंजिनांत दोन तोंडं असतात. वरची चकती रेडिएटरकडचा रस्ता उघडते. त्याच दांड्यावर खाली एक छोटी चकती असते, ती त्याच वेळी बायपासचा रस्ता बंद करते. बायपास म्हणजे इंजिनातून निघालेलं पाणी रेडिएटरला न जाता परत पंपाकडे यायची जवळची वाट. थर्मोस्टॅट काढला की ही वाट कायमची उघडी राहते. पाणी अडथळा कमी तिथून जातं, म्हणजे बायपासमधून. गरम पाण्याचा मोठा हिस्सा जाळीचं तोंडही न बघता परत इंजिनात येतो. अशा इंजिनात थर्मोस्टॅट काढल्यावर सपाटीला काटा खाली राहतो आणि घाटात पूर्वीपेक्षा जास्त चढतो.

ज्या इंजिनात खालची चकती नसते तिथे उलटं होतं. इंजिन कायम ६०-७० वर रेंगाळतं. ईसीयूला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) वाटतं इंजिन अजून थंड आहे, तो जास्त डिझेल-पेट्रोल देत राहतो. तेलात उतरलेलं इंधन आणि वाफ उडून जात नाही, तेलाचा चिखल होतो, लायनर-रिंगा लवकर झिजतात. पुण्यातल्या जानेवारीतल्या सकाळी हे होतं, त्याला हिमालय लागत नाही.

संशय असेल तर काढा, तपासा आणि चांगला असेल तर परत बसवा. तपासणी स्वयंपाकघरातल्या पातेल्यात होते (ते पातेलं परत स्वयंपाकाला वापरू नका). थर्मोस्टॅट दोऱ्याने पाण्यात लटकवा, तळाला टेकू देऊ नका. सोबत थर्मामीटर. मंद आचेवर पाणी तापवा. कडेवर आकडा कोरलेला असतो, ८२ किंवा ८८. त्या तापमानाच्या आसपास दोरा निसटतो, म्हणजे चकती उचलायला लागली. त्याच्यापुढे १०-१२ अंशांत ती पूर्ण उघडायला हवी, बहुतेक कारना साधारण ८ मिमी. पट्टीने मोजा. ३-४ मिमीवर थांबली तर बदला. गार झाल्यावर पूर्ण मिटते का तेही बघा.

बसवताना चकतीवरची छोटी हलणारी पिन वरच्या बाजूला. तिथून हवा निघते. ती खाली आली तर थर्मोस्टॅटखाली हवेचा फुगा अडकतो आणि नवा कोरा थर्मोस्टॅटसुद्धा वेळेवर उघडत नाही, कारण तापून चकती उघडणाऱ्या मेणाच्या डबीला पाणी लागतच नाही.

---

जाळीवाला_सांगली

सह्यघाट यांच्याशी सहमत. पण वरची लक्षणं बघता थर्मोस्टॅटपेक्षा जाळीवर माझा संशय जास्त आहे. तपकिरी कूलंट म्हणजे आत गंज किंवा दोन जातीचं कूलंट मिसळलेलं.

हे करून बघा. इन्फ्रारेड थर्मामीटर, तो पिस्तुलासारखा मिळतो. इंजिन पूर्ण तापलेलं, एसी चालू, २५०० आरपीएमवर पाच मिनिटं धरा. मग वरच्या होजजवळ जाळीचं तोंड आणि खालच्या होजजवळचं तोंड मोजा. प्लास्टिकच्या टाकीवर किंवा रबरावरच मोजायचं. चकचकीत ॲल्युमिनियमवर हा थर्मामीटर २०-३० अंशही चुकतो. ॲल्युमिनियमवरच मोजायचं असेल तर काळी इन्सुलेशन टेप चिकटवून टेपवर मोजा.

फरक ५ ते १२ अंश असेल तर साधारण ठीक. गाडी तापतेय आणि फरक २-३ अंशच असेल तर पाणी भरपूर फिरतंय पण हवा लागत नाही. फरक २० च्या वर गेला तर पाणी कमी फिरतंय. त्यानंतर जाळीवर वरून खाली, डावीकडून उजवीकडे नेम फिरवा. मध्येच एखादा पट्टा एकदम गार लागला तर त्या नळ्या बंद आहेत.

---

वायरमन

पंख्याचं मी सांगतो. एसी चालू केला की बहुतेक गाड्यांत काही सेकंदांत पंखा सुरू व्हायला हवा. नाही झाला तर क्रमाने: फ्यूज (बहुधा ३० किंवा ४० अँपिअर), रिले (हॉर्नचा रिले त्याच जातीचा असेल तर अदलाबदल करून बघा), मग मोटरच्या प्लगला थेट १२ व्होल्ट. फक्त दुसऱ्या वेगाला फिरतो, पहिल्याला नाही, तर रेझिस्टर जळालाय. बहुतेक गाड्यांत तो पंख्याच्या फ्रेमवरच असतो.

पंखा फिरतो म्हणजे चांगला आहे असं समजू नका. ब्रश झिजलेली मोटर फिरते, पण जोर नसतो. वर्तमानपत्राचं एक पान ग्रिलवर धरा. पंखा मोठ्या वेगाला असताना पान ग्रिलला चिकटून राहायला हवं. पान बाहेर ढकललं जात असेल तर मोटर बदलताना वायरी उलट जोडल्या गेल्यात. पंखा पुढच्या दिशेने हवा फेकतोय आणि गाडी पळताना समोरून येणाऱ्या हवेशी भांडतोय.

आणि कृपा करून पंखा डायरेक्ट करू नका. चोवीस तास फिरणारी मोटर वर्षभरात जाते आणि ज्या दिवशी जाते त्या दिवशी कळतही नाही. गरम इंजिन बंद असतानाही पंखा आपोआप सुरू होऊ शकतो, त्यामुळे जाळीजवळ हात घालण्याआधी प्लग काढा.

---

सोलापूर_लाईन

ट्रकवाल्यांनीही बोलायला हवं. कारमध्ये आणि आमच्यात फरक कुठे पडतो ते हिशेबाने सांगतो.

खोपोलीकडून बोरघाट चढून लोणावळ्याला यायचं म्हणजे साधारण ५५० मीटरची उंची. २५ टनांचा ट्रक तेवढा वर उचलायला सुमारे १३५ मेगाज्यूल लागतात. टायर, हवा वगैरे वेगळं. डिझेलमधल्या उष्णतेपैकी चाळीस टक्क्यांच्या आसपासच चाकापर्यंत पोचते, आणि वीस-पंचवीस टक्के पाण्यात येते. म्हणजे नुसत्या चढाईपोटी ७०-८० मेगाज्यूल उष्णता रेडिएटरने बाहेर टाकायची. अर्ध्या तासात. हे साधारण ४० किलोवॅट होतात. घरातला गीझर २ किलोवॅटचा असतो, तसे २० गीझर एकाच वेळी चालू आहेत असं समजा.

आणि वेग असतो ताशी १५-२०. त्या वेगाला समोरून हवा लागतच नाही. सगळं पंख्यावर. म्हणून ट्रक तापला की मी आधी फॅन क्लच बघतो.

सिलिकॉन तेलाचा क्लच असतो. पुढे गुंडाळीसारखी पट्टीची स्प्रिंग असते, तिला जाळीतून आलेली गरम हवा लागली की ती वळते आणि आतलं तेल फिरणाऱ्या चकत्यांत सोडते, मग पंखा पट्ट्याच्या जोराने फिरतो. तपासणी: इंजिन चांगलं तापलेलं असताना बंद करा, किल्ली काढून खिशात ठेवा, पंखा हाताने जोरात फिरवा. दीड फेऱ्यात थांबायला हवा. तीन-चार फेऱ्या मोकळा फिरला तर क्लच गेला. क्लचच्या पुढच्या तोंडावर बेअरिंगपासून बाहेर पसरलेली तेलकट धुळीची चक्री दिसते का बघा, ते आतलं तेल गळल्याची खूण. स्प्रिंगवर चिखल बसून कडक झाला तरी क्लच लागत नाही, तो नुसत्या ब्रशने साफ होतो.

दुसरं, पंख्याभोवतीचं प्लास्टिकचं कडं. अपघातात फुटलं की बरेच जण परत लावत नाहीत. ते नसेल तर पंखा जाळीतून हवा न ओढता इंजिनातली गरम हवाच गोल फिरवतो. कडं फाटलं असेल तर आधी ते लावा, बाकी नंतर.

तिसरं, पट्टा. मधोमध अंगठ्याने दाबल्यावर १०-१२ मिमी दबला पाहिजे. आतल्या बाजूने काचेसारखा चमकत असेल तर ताणून उपयोग नाही, बदला.

---

निरा_काठ

@जाळीवाला_सांगली, मोजलं. वरचं तोंड १०४, खालचं ७६. जाळीचा खालचा तिसरा हिस्सा सगळीकडे ६० च्या खाली. थर्मोस्टॅट पातेल्यात बघितला, ८३ ला उचलला, ९५ ला ८ मिमी. पंखा वर्तमानपत्र धरून ठेवतो.

---

जाळीवाला_सांगली

मग विषय संपला. २८ अंशांचा फरक आणि एक तृतीयांश जाळी गार. जाळी चोक आहे. थर्मोस्टॅट निर्दोष.

तुमची जाळी ॲल्युमिनियमची, प्लास्टिकच्या टाक्यांची. तिच्यात रॉडिंग (नळ्यांत सळई फिरवून सफाई) होत नाही, नळ्या पातळ आणि चपट्या असतात. बदलावी. जुन्या ट्रकची तांबा-पितळेची जाळी असेल तर वरची टाकी डाग (सोल्डर) काढून उघडता येते, नळ्यांत सळई फिरवून परत डाग लावता येतो. ते काम जाणत्या माणसाकडूनच करून घ्या. नळी फाटली तर आतल्या रांगेपर्यंत डाग पोचत नाही.

नवी जाळी टाकण्याआधी ब्लॉक धुऊन घ्या, नाहीतर तोच गाळ नव्या जाळीत जाईल. आणि जाळी उतरवलीच आहे तर कंडेन्सरची मागची बाजू बघा. एसीचा कंडेन्सर आणि जाळी यांच्यात बोटभर फट असते. त्यात चिखल, किडे, सावरीचा कापूस, उसाची पाचट असं सगळं नमद्यासारखं साचतं. समोरून कंडेन्सर स्वच्छ दिसतो, वॉशिंग सेंटरवाला समोरून पाणी मारतो आणि तो थर आणखी घट्ट बसतो. इंजिनाच्या बाजूने बाहेर, कमी दाबाच्या पाण्याने धुवायचं. प्रेशरची बंदूक जवळ धरली की पत्र्याच्या पापण्या झोपतात आणि हवाच जात नाही. डिझेलला इंटरकूलरही (टर्बोची हवा गार करणारी जाळी) पुढे असेल तर तीन थर धुवावे लागतात.

---

प्रश्नांकित

दोन प्रश्न. एक, साधं पाणी कूलंटपेक्षा जास्त उष्णता वाहतं हे खरं ना? मग उन्हाळ्यात साधं पाणी का नको? दोन, जाळी बारीक गळत असेल तर हळद टाकतात, ते कितपत बरोबर?

---

डिझेलफिटर

पहिल्याचं उत्तर: खरं आहे, पण अर्धं. पाण्याची उष्णता धरायची क्षमता ४.१८, अर्धं-अर्धं मिश्रणाची साडेतीनच्या आतबाहेर. म्हणूनच नुसतं कूलंट, पाणी न घालता, कधीही भरू नये. ते पाण्यापेक्षा वाईट थंड करतं. पण साधं पाणी १०० ला उकळतं, अर्धं मिश्रण १०७ च्या आसपास. शिवाय पाण्यात गंजरोधक नसतात, आणि ॲल्युमिनियम हेड, लोखंडी ब्लॉक, पितळी फिटिंग असे तीन धातू एका पाण्यात असले की काय होतं ते तपकिरी रंगात दिसतंच.

इथे झाकणाचं महत्त्व सांगतो, कारण ते कोणीच बघत नाही. झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तो दाब बारमध्ये. ०.९ च्या झाकणाखाली साधं पाणी ११८-११९ ला उकळतं, मिश्रण १२५ च्या आसपास. झाकणाचं रबर चिरलं की हा सगळा फायदा गेला. मग इंजिन १०८ वर असतानाच पाणी उकळतं, टाकीतून बाहेर पडतं आणि लोक म्हणतात "गाडी पाणी फेकते". त्याच झाकणात एक छोटा उलटा वॉल्व्ह असतो, गार होताना बाटलीतलं पाणी परत ओढायला. तो अडकला की सकाळी वरचा होज पाईप चपटा झालेला दिसतो. झाकण बदलताना आकडा तोच घ्या. जास्तीचा दाब घेतलात तर जुनी टाकी किंवा हीटरची जाळी फुटेल.

दुसऱ्याचं उत्तर: हळद टाकू नका. अंड्याचा बलक, तंबाखू, काही नाही. हळद भोक आणि नळी यांत फरक करत नाही. गळणाऱ्या भोकावर बसते तशीच हीटरच्या बारीक नळ्यांत आणि जाळीच्या तळाला बसते. निरा_काठ यांच्या जाळीचा खालचाच तिसरा हिस्सा गार का, याचं एक कारण हेही असू शकतं.

---

सोलापूर_लाईन

पाण्याबद्दल पुस्ती. आमच्याकडच्या बोअरचं पाणी इतकं जड की किटलीत पांढरी खपली धरते. तीच खपली सिलिंडरच्या भोवती, सगळ्यात गरम जागी, आधी धरते. मिलिमीटरभर थर पुरतो. काटा पाण्याचं तापमान बरोबर दाखवतो आणि धातू आत भाजत असतो. डीएम वॉटर म्हणजे बॅटरीचं पाणी वापरा, पेट्रोल पंपावरही मिळतं.

---

डिझेलफिटर

कूलंटच्या रंगावर जाऊ नका. हिरवं, गुलाबी, निळं हा कंपनीचा रंग आहे, जात नाही. बाटलीच्या मागे बघा: आयएस ५७५९ किंवा जेआयएस के २२३४ असं असतं. मोठ्या डिझेलला एएसटीएम डी ६२१० असलेलं. जुन्या पद्धतीच्या कूलंटचं आयुष्य साधारण दोन वर्षं, सेंद्रिय आम्लाच्या जातीचं पाच वर्षांपर्यंत. दोन्ही मिसळली तर आयुष्य कमी असलेल्याच्या बरोबरीला येतं, आणि काही जोड्यांत जेलीसारखा गाळ धरतो. बाटलीवर "तयार मिश्रण" लिहिलंय की "पाणी मिसळा" हे वाचा. तयार मिश्रणात परत पाणी घालणारे पुष्कळ आहेत.

@निरा_काठ, नवी जाळी बसवल्यावर भरायची पद्धत:

१. गार इंजिन. जाळीचा खालचा बोल्ट आणि असला तर ब्लॉकचा बोल्ट उघडून पाणी काढा. भांड्यात धरा. कूलंट गोड लागतं आणि विषारी असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात. गटारात किंवा अंगणात ओतू नका.

२. साधं डीएम वॉटर भरा, हीटरची कळ पूर्ण गरमवर, इंजिन थर्मोस्टॅट उघडेपर्यंत चालवा, गार होऊ द्या, काढा. स्वच्छ येईपर्यंत दोन-तीनदा.

३. इथे सगळे चुकतात. बोल्ट उघडला तरी ब्लॉकमध्ये आणि हीटरमध्ये दीड-दोन लिटर पाणी राहतंच. गाडीची एकूण क्षमता पुस्तिकेत बघा. समजा ६ लिटर आहे आणि अर्धं-अर्धं हवंय, तर आधी ३ लिटर घट्ट कूलंट ओता, मगच वर डीएम वॉटर. तयार मिश्रण ओतलंत तर आत राहिलेल्या पाण्याने ते पातळ होऊन तिसऱ्या हिश्श्यावर येतं.

४. गाडीचं तोंड चढावर करा. हवा काढायचा स्क्रू असेल तर तो सैल करा, त्यातून फुगे न येता सलग धार आली की बंद. हीटर गरमवरच. वरचा होज हाताने दाबत राहा, बुडबुडे येतात. पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत चालवा.

५. हीटरमधून गरम हवा आली पाहिजे. इंजिन गरम आणि हीटरची हवा गार म्हणजे एअर लॉक आहे, पाण्याच्या वाटेत हवा अडकलीय.

६. दुसऱ्या दिवशी सकाळी गार इंजिनावर पातळी परत बघा. पाव-अर्धा लिटर उतरते.

---

प्रश्नांकित

काटा मध्यावरच असतो, कधीच हलत नाही. मग तापल्याचं कळणार कसं?

---

वायरमन

बऱ्याच कारमधला काटा मुद्दाम तसा ठेवलेला असतो. साधारण ७५ ते १०५ पर्यंत काहीही असो, काटा मध्यावर. तो हलला तेव्हा उशीर झालेला असतो. काही छोट्या गाड्यांत तर काटाच नसतो, थंडला निळा आणि तापल्यावर लाल दिवा एवढंच. ओबीडीचा छोटा रीडर मोबाईलला जोडून खरा आकडा बघा. घाटात १०० ते १०५ चालतं. १०८ ला एसी बंद करा. ११५ ला थांबा.

आणि एक धोका लक्षात ठेवा. चढलेला काटा एकदम खाली आला तर सुटकेचा श्वास सोडू नका. सेन्सर पाण्यात बुडालेला असतो. पाणीच संपलं की तो वाफेत किंवा हवेत उघडा पडतो आणि खोटं कमी तापमान दाखवतो. त्याच वेळी हीटरची हवा गार झाली तर खात्रीच. लगेच इंजिन बंद.

सेन्सरवर शंका असेल तर मल्टिमीटरने: सर्वसाधारण सेन्सर २० अंशाला दोन ते तीन हजार ओहम, ८० ला तीनशेच्या आसपास.

---

सह्यघाट

घाटात काटा चढायला लागल्यावर काय करायचं तेही नोंदवून ठेवतो.

एसी बंद, काचा खाली, हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर पूर्ण. हीटर म्हणजे दुसरी छोटी जाळीच आहे. गिअर एक खाली घ्या. वरच्या गिअरात इंजिन रेटत नेलं की आरपीएम कमी, म्हणजे पंपही हळू आणि ट्रकचा पंखाही हळू, आणि भार मात्र पूर्ण. पुढच्या ट्रकच्या अगदी मागे चिकटून चढू नका, त्याची गरम हवा तुमच्या जाळीत येते.

एवढ्याने उतरत नसेल तर थांबा. वळणावर नाही. हजार्ड दिवे, त्रिकोण. चाकाखाली दगड लावलात तर निघताना तो उचलून कडेला टाका, मागच्या दुचाकीवाल्याचा जीव जातो.

---

सोलापूर_लाईन

थांबल्यावर इंजिन लगेच बंद करू नये, चालू ठेवावं. पंप फिरत राहतो.

---

सह्यघाट

काका, दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाणी आहे, पट्टा आहे, वाफ नाही, नुसता काटा वर आहे: तुमचं बरोबर, न्यूट्रलला १२०० ते १५०० आरपीएमवर दोन-तीन मिनिटं ठेवा, टर्बोलाही ते बरं. पण वाफ येतेय, पाणी सांडलंय, पट्टा तुटलाय किंवा लाल दिवा लागलाय: तत्काळ बंद. पाणी नसताना चालू ठेवलेलं इंजिन दर मिनिटाला हेड वाकवतं.

---

सोलापूर_लाईन

हे मान्य. पाणी नसताना चालू ठेवावं असं मी म्हणणार नाही.

---

सह्यघाट

मग ३० ते ४५ मिनिटं थांबायचंच. झाकण उघडू नका. आत ११० अंशाचं पाणी दाबामुळे द्रव राहिलेलं असतं. दाब सुटला की त्याच क्षणी त्याची वाफ होते आणि ती तोंडावर येते. वरचा होज जाड फडक्याने दाबून बघा, मऊ लागला तरच झाकणावर फडकं टाकून हळूच सैल करा, फुसफुस थांबू द्या, मग काढा. इंजिनावर बाहेरून पाणी ओतू नका. आत भरतानाही इंजिन चालू ठेवून बारीक धारेने. कूलंट नसेल तर प्यायचं पाणी चालेल, घरी गेल्यावर धुऊन नीट भरा.

---

निरा_काठ

एकदा-दोनदा ११० वर गेलंय. हेडला काही झालं असेल का?

---

डिझेलफिटर

११० वर, पाणी पूर्ण असताना, बहुतेक नाही. पण तपासून घ्या, सोपं आहे. सकाळी गार इंजिनावर झाकण उघडा, लावा, इंजिन एक मिनिट चालवा आणि वरचा होज दाबा. इतक्या लवकर तो दगडासारखा कडक झाला तर पाण्यात सिलिंडरचा गॅस येतोय. पाणी तापून दाब यायला एवढ्यात वेळच मिळालेला नसतो. खात्रीसाठी रसायनाची चाचणी: निळा द्रव भरलेली नळी टाकीच्या तोंडावर लावून आतली हवा ओढतात, ज्वलनाचा गॅस असला की द्रव पिवळट होतो. तेलाच्या झाकणाखाली दुधाळ चहासारखा थर आणि सकाळी न थांबणारा पांढरा धूर हीही लक्षणं. नुसता झाकणाखालचा पातळ थर मात्र पावसाळ्यात छोट्या फेऱ्यांनीही येतो, त्यावरून हेड उतरवू नका.

हेड उतरवलंच तर सरळ पट्टी आणि फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) लावून लांबीत, रुंदीत आणि दोन्ही तिरक्या रेषांत बघा. बऱ्याच ॲल्युमिनियम हेडना ०.०५ मिमीची मर्यादा असते, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये. फेसिंग केलं, म्हणजे हेडचा पृष्ठभाग घासून सपाट केला, तर डिझेलला वॉल्व्ह किती आत बसलेत ते मोजावं लागतं, आणि अनेक इंजिनांत पिस्टन किती वर येतो त्यावरून गॅस्केटची जाडी निवडावी लागते. जुनी गॅस्केट टाकून देण्याआधी तिच्या कडेच्या खाचा किंवा भोकं मोजून ठेवा. ताणले जाणारे बोल्ट असतील तर नवेच घ्या.

बाहेर गळत नाही, तेलात नाही, तरी महिन्याला अर्धा लिटर पाणी कमी होतंय, अशी बीएस ४ किंवा बीएस ६ डिझेल असेल तर ईजीआर कूलर (इंजिनात परत जाणारा धूर पाण्याने गार करणारा भाग) आठवा. तो आतून फुटला की पाणी धुराबरोबर निघून जातं, जमिनीवर थेंब दिसत नाही.

---

घाटमाल

ट्रकला कूलंट खरंच लागतं का? २० ते ४० लिटर भरायचं म्हणजे खर्च आहे. मालक साधं पाणीच भरतात.

---

डिझेलफिटर

ज्या इंजिनात ओले लायनर (पिस्टनभोवतीच्या नळ्या, ज्यांना बाहेरून थेट पाणी लागतं) आहेत तिथे तर सगळ्यात जास्त लागतं. पिस्टन प्रत्येक स्ट्रोकला लायनरच्या एका बाजूवर आपटतो, लायनर बारीक थरथरतो. त्या थरथरीने बाहेरच्या पाण्यात वाफेचे सूक्ष्म बुडबुडे होतात आणि लायनरवरच फुटतात. प्रत्येक फुटणं म्हणजे टाचणीने टोचणं. काही हजार तासांत बाहेरून आत भोक पडतं. लायनर काढून उजेडासमोर धरला की एका बाजूला उभ्या ओळीत टाचणीच्या टोकाएवढे खड्डे दिसतात. मग पाणी तेलात जातं आणि क्रँकची बेअरिंगं जातात. जड डिझेलच्या कूलंटमधली रसायनं लायनरवर पातळ पापुद्रा धरतात, तो स्वतः झिजतो आणि परत तयार होतो. ही रसायनं संपतात, म्हणून कूलंट स्वच्छ दिसलं तरी मुदतीला तपासणीची पट्टी बुडवून बघतात. साध्या पाण्यात हे काहीच नाही. एका इंजिन ओव्हरहॉलपुढे ४० लिटर कूलंट स्वस्तच.

---

वायरमन

सीएनजीवाल्यांसाठी एक. किटच्या रेड्यूसरला (गॅसचा दाब कमी करणाऱ्या भागाला) गरम पाण्याची लाईन असते, कारण गॅस प्रसरण पावताना खूप गार होतो. बाहेरून बसवलेल्या किटमध्ये हीटरच्या होजला कापून टी-जोड घालतात. गळती आणि एअर लॉक दोन्ही तिथेच होतात. गाडी तापतेय आणि रेड्यूसरवर दव किंवा बर्फ धरतोय असं एकत्र दिसलं तर पाणी कमी आहे किंवा त्या लाईनमध्ये हवा आहे. आधी ते टी-जोडांचे क्लॅम्प बघा. तिथे स्क्रूवाले क्लॅम्प हवेत, तारेने बांधलेलं चालत नाही.

---

सोलापूर_लाईन

उतारावर काटा चढतो असं विचारणारेही येतील. हायड्रॉलिक रिटार्डर (तेलाच्या जोरावर वेग आवरणारा जादा ब्रेक) असलेल्या बसला आणि ट्रकला तसं होतं, कारण ब्रेकिंगची सगळी उष्णता पाण्यातच जाते. उतारालाही गिअर खालचा घ्या, आरपीएम वर ठेवा, म्हणजे पंप आणि पंखा जोरात फिरतील. रिटार्डर पूर्ण ओढून वरच्या गिअरात कसारा उतरलात तर पाणी तापतं, मग रिटार्डर स्वतःच आपला जोर कमी करतो, आणि नेमक्या त्याच वेळी सगळा भार पायाखालच्या ब्रेकवर येतो.